गावाची वही

संतसज्जनहो, आणि हे पुस्तक हातात धरून घरी, एस.टी.त, नाहीतर दिंडीच्या मुक्कामाला वाचत बसलेल्या मायबाप वाचकहो! कीर्तनात टाळ असतो, मृदंग असतो, मागे उभ्या टाळकऱ्यांची साथ असते. छापताना ते सगळं गळून जातं आणि नुसता शब्द उरतो. म्हणून त्या दिवशी सेवेला घेतलेला अभंग इथे पुन्हा लिहीत नाही. तुम्हाला तो पाठ आहे. नसेल तर शेजारच्या माळकऱ्याला विचारा, तो चालीवर म्हणून दाखवील. मी फक्त चिंतन सांगतो.

आजचं चिंतन जरा वेगळं आहे बरं का! आज कागदाबद्दल बोलायचं आहे. पोथीच्या कागदाबद्दल नाही, कर्जाच्या कागदाबद्दल. तुम्ही म्हणाल, महाराज, कीर्तनात आलो ते घरचं कर्ज विसरायला, आणि तुम्ही तेच काढून बसलात! पण बघा, आपल्या संतांच्या चरित्रातून कर्ज, दुष्काळ, धान्याचं कोठार आणि हिशोबाची वही काढून टाकली, तर निम्मं चरित्र रिकामं होईल. संत आकाशातून पडले नाहीत. ते गावात राहिले. आणि गाव म्हटलं की देणंघेणं आलंच.

पहिला कागद मंगळवेढ्याचा.

पंढरपुराहून मंगळवेढं लांब नाही. वारीला गेलेला माणूस पुष्कळदा दामाजीपंतांचं दर्शन घेऊनच परततो. आख्यान तुम्हाला माहीत आहे. दुष्काळ पडला, माणसं अन्नावाचून तडफडू लागली. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे अधिकारी, कोठाराची किल्ली त्यांच्या हातात. कोठार सरकारी, आणि समोर उपाशी माणूस. त्यांनी कोठार उघडलं. बादशहाचा हुकूम सुटला, दामाजीला धरून आणा. आणि मग भक्ताची लाज राखायला पांडुरंग विठू महार होऊन बेदरला गेला आणि धान्याची रक्कम भरली.

इथपर्यंत सगळे सांगतात. पण पुढचं वाक्य नीट ऐका. रक्कम भरल्यावर देवाने काय केलं? पावती घेतली! अहो, तो जगाचा मालक. त्याला पावतीची काय गरज? पण आख्यानकार सांगतात, देवाने पावती घेतली आणि ती दामाजीच्या पोथीत नेऊन ठेवली. का? कारण देवालाही ठाऊक होतं, की गरिबाने दिलेला पैसा कागदावर आला नाही तर तो दिलाच नाही असं होतं. लक्षात ठेवा ही पावती. आपण पुन्हा तिच्याकडे येणार आहोत.

आणि देव कोणाच्या रूपाने गेला, हेही विसरू नका. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवलं, त्याच्या रूपाने. याच मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कुसू कोसळून चोखोबाराय त्याखाली गेले. मी आज जुन्या गावाचं कौतुकही सांगणार आहे. पण ते ऐकताना हे कुसू डोळ्यांपुढून हलू देऊ नका. जुनं गाव म्हणजे सगळं सोनं, असं म्हणणाऱ्याने आधी चोखोबांच्या समाधीपुढे उभं राहावं.

आता दुसरा कागद. त्यासाठी देहूला चला.

आपले तुकोबाराय सावकाराच्या घरातले होते, हे आपण कीर्तनात फार हळू आवाजात सांगतो. मी मोठ्याने सांगतो. घरी शेती होती, दुकानदारी होती, सावकारी होती. देहूच्या पेठेची महाजनकी घराण्यात होती. महाजनकी म्हणजे काय? पेठेत बाजार भरतो, माल येतो, वजनमाप होतं, कर ठरतो, भांडण होतं. त्या सगळ्याकडे बघणारा वतनदार तो महाजन. पाटील गावाचा, महाजन पेठेचा. आणि घरासमोरचं विठ्ठलाचं देऊळ तेही पूर्वजांनी, विश्वंभरबाबांच्या परंपरेने सांभाळलेलं. म्हणजे एकाच घरात शेत, दुकान, बाजाराचा हक्क, कर्जाचे कागद आणि देव! गावच्या निम्म्या संस्था त्या एका ओसरीवर बसलेल्या.

मग १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. गुजरातेपासून दख्खनपर्यंत माणसं मेली, जनावरं मेली. तुकोबांचा व्यापार बुडाला, दिवाळं निघालं. थोरली पत्नी रखुमाई अन्नावाचून गेल्या. मुलगा संतू गेला. गावात मान गेला. वाचकहो, इथे थांबा जरा. आपण तुकोबांना वैकुंठाला जाताना पाहतो, पण बाजारात मान खाली घालून जाताना पाहत नाही. कर्ज देणारा आणि कर्जात बुडालेला, दोन्ही बाजूंचं दुःख ज्याने एकाच जन्मात पाहिलं, असा हा संत आहे. म्हणून त्यांचा शब्द शेतकऱ्याच्या काळजाला भिडतो.

तुकोबा भामचंद्राच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे बंधू कान्होबा शोधत आले. इंद्रायणीच्या काठी दोघे भाऊ बसले आणि कर्जाच्या कागदांची वाटणी झाली. हे सगळं आपल्याला सविस्तर सांगितलं महिपतीबुवांनी. हे महिपती ताहराबादचे, राहुरीकडचे, घराणं कुळकर्ण्याचं. म्हणजे गावचा हिशोब लिहिणारं! असं सांगतात, की त्यांनी सरकारी लेखणी खाली ठेवली आणि संतांशिवाय दुसरं काही लिहायचं नाही, असा नेम केला. कागदाची किंमत कुळकर्ण्याइतकी कोणाला कळणार?

तर वाटणी झाली. निम्मे कागद कान्होबांना, निम्मे तुकोबांना. आणि तुकोबांनी आपले निम्मे इंद्रायणीत सोडून दिले.

निम्मेच का? मी लहानपणी विचारायचो, सगळे का नाही बुडवले? आज कळतं. कान्होबांचा वाटा कान्होबांचा होता. दुसऱ्याच्या मालकीवर दान करण्याचा मोठेपणा तुकोबांनी केला नाही. स्वतःचं जेवढं होतं तेवढं सोडलं. त्यागसुद्धा कसा करावा, हिशोबाने करावा, हे वाण्याच्या पोराने दाखवलं!

त्या दिवशी देहूच्या पंचक्रोशीत काही घरं मोकळी झाली असतील. कोणाची बैलजोडी वाचली असेल, कोणी रात्री शांत झोपलं असेल. कागद बुडाला आणि माणूस तरला. पण मायबाप, एक गोष्ट नीट लक्षात घ्या. कागद बुडवण्याचा अधिकार ज्याच्या हातात कागद आहे त्याचा असतो. कर्जदाराला तो बुडवता येत नाही. मग सावकार तुकोबा नसेल तर कर्जदाराने काय करायचं? याचं उत्तर पुढच्या दोनशे पंचेचाळीस वर्षांनी एका गावाने दिलं. तिथे जायच्या आधी जुनं गाव चालायचं कसं, ते थोडक्यात बघू.

जुन्या गावाचा कारभार चावडीवर. पाटील, त्याच्या हाताखाली चौगुला, हिशोबाला कुळकर्णी. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग असे बलुतेदार. सुतार नांगर करून द्यायचा, लोहार फाळ शेवटून द्यायचा, त्याचा रोज पैसा नाही. सुगीला खळ्यावर रास पडली की प्रत्येकाचा वाटा काढायचा. पीक आलं तर सगळ्यांना, बुडालं तर सगळ्यांचं. भांडण झालं तर गोतसभा बसायची, सभेचा निवाडा कागदावर यायचा. त्यात अन्याय होता, खालच्या जातीच्या वाट्याला कष्ट फार आणि धान्य थोडं होतं, ते आधीच सांगितलं. पण एक गोष्ट होती. गाव सरकारशी बोलताना एक तोंडाने बोलायचं. दुष्काळ पडला तर पाटील मंडळी जाऊन साऱ्यात सूट मागायची.

सावकार तेव्हाही होता. पण तो गावाच्या मुठीत होता. व्याजाला दामदुप्पटीची वेसण होती. म्हणजे काय, व्याज मुद्दलाइतकं झालं की तिथे थांबायचं, शंभराचे दोनशे, त्यापुढे एक पैसा नाही. शिवाय वतनी जमीन अशी सहजासहजी विकली जात नव्हती. सावकाराला वसुली करायची तर पाटलाचं तोंड बघावं लागे.

इंग्रज आले आणि ही घडी मोडली. वारकऱ्यांनो, तुकोबांची पालखी लोणी, यवत, वरवंड करत रोटीचा घाट चढते, उंडवडी, बारामती, सणसरवरून इंदापूरला जाते. तुम्ही त्या वाटेने चालला आहात. त्या इंदापूर तालुक्यातच १८३६ च्या सुमारास नवी जमीनमोजणी आणि नवा सारा लागू झाला. आता सारा गावाचा नाही, एकेका शेतकऱ्याचा. नावावर जमीन, नावावर सारा, रोख, ठरल्या तारखेला. पाऊस पडो न पडो. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ पासून फेरमोजणी झाली आणि सारा पुष्कळ गावांत खूपच वाढला.

त्याच सुमाराला आणखी एक गंमत झाली. दूर अमेरिकेत १८६१ ते १८६५ युद्ध पेटलं. तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार घरी येऊन म्हणू लागले, घ्या पाटील, हवं तेवढं घ्या! घेतलं. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज मात्र तसंच राहिलं. बघा हो, युद्ध सातासमुद्रापलीकडे आणि जप्ती भीमाथडीत!

आता कागदाची करामत ऐका. १८५९ साली कायदा झाला, की कर्जाचा कागद तीन वर्षं चालेल, पुढे दावा करता येणार नाही. हेतू चांगला होता, कर्ज फार दिवस लोंबू नये. पण झालं काय? समजा, शंभर रुपये कर्ज, दरमहा शेकडा दोन व्याज. तीन वर्षांनी झाले एकशे बहात्तर. सावकार म्हणायचा, जुना कागद संपत आला, नवा लिहून दे. नव्या कागदावर मुद्दल किती? एकशे बहात्तर! व्याज पोटात घालून मुद्दल लठ्ठ झालं. आणखी तीन वर्षांनी दोनशे शहाण्णव. दामदुप्पट गेली कुठल्या कुठे. आणि मधे दिलेल्या धान्याची, दिलेल्या रुपयांची पावती? नाही. शेतकरी निरक्षर, अंगठा उठवून मोकळा. नवं न्यायालय विचारायचं, हा अंगठा तुझा का? माझाच साहेब. झाला हुकूमनामा.

देवाने पावती का घेतली, ते आता कळलं ना?

१८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी ठिणगी पडली. तिथल्या देशमुखांवर सावकाराने हुकूमनामा आणला. गावाने काय केलं? हात उचलला नाही. गावाने जुनी बलुतेदारी हत्यार म्हणून काढली! सावकाराचं शेत कोणी करायचं नाही, त्याची हजामत कोणी करायची नाही, त्याचं पाणी कोणी भरायचं नाही, त्याच्या दुकानात कोणी जायचं नाही. आसपासच्या गावांनीही असे करार केले, कागदावर लिहून केले. ज्या गावाला कागदाने बांधलं, ते गाव स्वतःचा कागद लिहू लागलं.

आणि मग १२ मे १८७५. सुपे. हे गाव आपल्या पालखीच्या वाटेपासून फार आत नाही, आज बारामती तालुक्यात आहे. बाजाराचा दिवस. आसपासच्या खेड्यांतून माणसं आलेली. जमाव सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर गेला. त्यांनी काय मागितलं? दागिने नव्हे, पैसा नव्हे. कागद मागितले. खतं, रोखे, वह्या बाहेर काढल्या आणि भर बाजारात पेटवल्या. दुकानं लुटली गेली, घर जळलं, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण चौकशी आयोगालाही दिसलं, की माणसांच्या जिवाला फारसा हात लागला नव्हता. जिथे सावकाराने कागद मुकाट दिले, तिथे बहुतेक वेळा त्याला कोणी शिवलंही नाही. पुणे आणि नगर जिल्ह्यांत तीसहून अधिक गावांत हे लोण गेलं. पलटण आली, धरपकड झाली, माणसं तुरुंगात गेली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात.

आता मी तुम्हाला विचारतो, देहूचा कागद आणि सुप्याचा कागद एकच का? दोन्हीकडे कर्जाचा कागद नाहीसा झाला. पण देहूला तो देणाऱ्याने सोडला, सुप्याला तो घेणाऱ्याने हिसकावला. एकात प्रेम होतं, दुसऱ्यात चीड. मी सुपेकरांना नावं ठेवणार नाही. ज्याच्या घरावर जप्ती आली नाही, त्याने नावं ठेवू नयेत. पण कीर्तनकाराला खरं सांगावं लागतं. कागद जळाला, पण त्याने घरात बियाणं आलं नाही. पुढच्याच वर्षी, १८७६ ला, दख्खनवर महादुष्काळ कोसळला. तो दोन वर्षं हटला नाही. सुप्याच्या जाळातून शेतकऱ्याच्या हाती राख आली आणि एक गोष्ट आली: सरकारला जाग आली.

१८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर, नगर, हे चार जिल्हे. न्यायाधीशाने नुसता अंगठा बघायचा नाही, कागदाच्या मागे जाऊन मूळ कर्ज किती होतं ते तपासायचं. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. आणि सावकाराने शेतकऱ्याला पावती दिलीच पाहिजे, हिशोब दाखवलाच पाहिजे. बघा! मंगळवेढ्याला देवाने घेतलेली पावती, ती गरीब कुणब्याच्या हातात यायला १८७९ साल उजाडावं लागलं.

तरीपण कायद्याने पेरणी होत नाही. सावकार घाबरला आणि त्याने हात आखडता घेतला, तर बैल कशाने घ्यायचा? म्हणून चौथा कागद जन्माला आला. तो ना बुडवला, ना जाळला. तो गावाने एकत्र बसून लिहिला.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. गावातली दहा माणसं एकत्र आली तर त्यांची संस्था होऊ शकते. आणि खेड्यातल्या संस्थेची एक अट अशी होती, की ती वाचून अंगावर काटा येतो. अमर्याद जबाबदारी! म्हणजे संस्थेचं देणं थकलं तर सभासदांपैकी प्रत्येक जण आपल्या घरादारासकट जबाबदार. एकाने बुडवलं तर सगळे बुडाले. आता सांगा, अशा संस्थेत कोणाला घ्यायचं, कोणाला किती द्यायचं, हे ठरवायला शेजाऱ्याला शेजारी किती ओळखीचा पाहिजे! तो दारू पितो का, कष्ट करतो का, त्याच्या घरी आजारपण आहे का, विहिरीला पाणी किती. हे मुंबईच्या पेढीला कळत नाही. हे फक्त गावाला कळतं. दिंडीत एकाचा पाय मुरगळला तर सगळी रांग थांबते, तशीच ही सोसायटी.

महिपतीबुवांच्या ताहराबादच्याच जिल्ह्यात, प्रवरेकाठी लोणी गाव आहे. तिथे विठ्ठलराव विखे पाटलांनी १९२३ साली गावची सहकारी पतसंस्था उभी केली. फार शिकलेला माणूस नव्हे. पण शेतकऱ्याला शेतकऱ्याचा जामीन करायचं, हे त्यांना कळलं. पुढे त्याच माणसाने गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केलं. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ पाठीशी उभे राहिले, ते कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. वैकुंठभाई मेहतांचा आधार मिळाला. आणि १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं. ज्या मुलखात सावकाराच्या वह्या जळाल्या होत्या, त्याच मुलखातल्या शेतकऱ्याचं नाव आता भागीदार म्हणून वहीत आलं. कर्जदाराचा मालक झाला. पाऊणशे वर्षं लागली मायबाप, पण झालं.

पुढे काय झालं, ते तुम्ही जाणता. कुठे सोसायटी फुलली, कुठे चार घरांनी गिळली. कुठे वहीत एक आणि तिजोरीत एक. मी त्यावर कीर्तन करायला बसलो तर काल्याचा दिवस उजाडेल. मला त्यापेक्षा माझीच चूक सांगायची आहे.

काही वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहाला गेलो होतो. गावाचं नाव सांगत नाही. उत्तम नियोजन, मोठा मंडप, रोज पंगत. कीर्तनाआधी वर्गणीची यादी स्पीकरवर वाचली जायची. मोठा आकडा आला की मी गादीवरून त्या दात्याचं नाव घेऊन चार शब्द बोलायचो, टाळ्या व्हायच्या. त्या गावात एक विणेकरी होता. रात्रीचा पहारा त्याचा. विणा खाली न टेकवता उभा राहायचा, डोळे मिटून नामस्मरण. मला वाटायचं, काय हा वैराग्याचा पुतळा!

सातव्या रात्री पहारा संपल्यावर तो माझ्या खोलीत आला. पाया पडला आणि उठेचना. म्हणाला, "महाराज, काल्याच्या प्रसादानंतर आपण राहायचंच नाही, असं ठरवलं होतं. पण विणा गळ्यात असताना खोटं बोलवत नाही, म्हणून तुमच्यापाशी आलो." बँकेचं पीककर्ज थकलेलं, सातबाऱ्यावर बोजा. मुलीच्या लग्नाला खाजगी सावकाराकडून घेतलेले. आणि ऐका हो, माझ्या तोंडून ज्याच्या नावाला टाळ्या पडल्या, ती सप्ताहाची वर्गणीसुद्धा व्याजाने काढून दिलेली! का? तर यादीत नाव नसलं तर गाव काय म्हणेल?

मायबाप वाचकहो, त्या रात्री मला झोप आली नाही. देहूच्या वाण्याने स्वतःचे कागद बुडवून माणसं सोडवली, आणि त्याचं नाव घेऊन पोट भरणारा मी, एका माणसाला नव्या कागदात अडकवायला कारण झालो.

पहाटे काकड्याला मी गावातली पाच माणसं बोलावली. सोसायटीचे जुने सेक्रेटरी, शाळेतले एक निवृत्त गुरुजी, बचत गटाच्या एक ताई आणि दोन शेतकरी. विणेकऱ्याला एकटं सोडलं नाही, त्याच्या परवानगीने त्याच्या ओट्यावर बसलो. त्याने ट्रंकेतून कागद काढले. ताईंनी वहीत लिहून घेतलं. बचत गटाची वही पाहिली आहे का तुम्ही? पाच रुपये आले तरी नोंद, सही, तारीख. ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, तुम्ही त्याला आजवर किती दिले?" त्याने बोटांवर मोजलं. घेतल्यापेक्षा जास्त देऊन झालं होतं. "पावती?" तो गप्प. एकही पावती नव्हती. दीडशे वर्षांपूर्वीचा सुप्याचा कुणबी आणि हा आमचा विणेकरी, दोघांचा हात रिकामाच!

पुढे चमत्कार झाला नाही. विठू महार आला नाही, किंवा त्या पाच जणांच्या रूपाने आला असं म्हणा. ते त्या सावकाराकडे गेले, दोनदा गेले, चारदा गेले. सगळ्या गावाला कळलंय म्हटल्यावर तो हिशोबाला बसला. बँकेत जाऊन हप्ते बांधून घेतले. कर्ज अजून आहे. पण माणूस आहे! दर वर्षी सप्ताहात विणा घेऊन उभा असतो. आता त्याला पाहिलं की मी वैराग्य बघत नाही, मी विचारतो, "माऊली, हप्ता गेला का?" तो हसतो आणि खिशातून पावती काढून दाखवतो.

आणि त्या गावाने आणखी एक केलं. वर्गणीची यादी स्पीकरवर वाचायची बंद केली. पेटी ठेवली. ज्याला द्यायचं तो देतो, ज्याला जमत नाही तो नुसता नमस्कार करतो. पंगतीला दोघांचं पान एकच. पैसे कमी जमतील अशी भीती होती. मंडप थोडा लहान झाला, एवढंच. देव त्यात मावला.

तेव्हा या चिंतनाचं सार काय? कर्ज हे पाप नाही. तुकोबांचंही दिवाळं निघालं होतं. पाप आहे ते एकट्याने लपवत झुरणं, आणि गावाने ते माहीत असून न विचारणं. ज्याच्या हातात दुसऱ्याचा कागद आहे, त्याने इंद्रायणी आठवावी. निदान वाजवीपेक्षा जास्त तरी मागू नये. ज्याच्या डोक्यावर कागद आहे, त्याने तोंड उघडावं आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्यावी, त्यात लाज नाही, देवानेही घेतली. आणि जे दोन्हींत नाहीत, त्यांनी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावं. सप्ताहाच्या काल्यात आपण सगळ्यांची शिदोरी एकत्र कालवतो ना? कोणाची भाकरी कोणाच्या तोंडी जाते, ते कळतही नाही. कृष्णाने गोकुळात केलं ते हेच. काल्याच्या दुसऱ्या दिवशी तसाच दुःखाचाही काला करा. पाच माणसं, एक वही, एक ओटा. एवढी संस्था प्रत्येक गावाला परवडते.

हे वाचून पुस्तक मिटाल, तेव्हा एक काम करा. आपल्या आळीत, आपल्या दिंडीत, टाळ धरताना शेजारी उभा असतो तो, अलीकडे गप्प गप्प झालेला कोण आहे, ते आठवा. उद्या त्याच्याकडे जा. अभंग म्हणू नका, उपदेश करू नका. चहा प्या आणि विचारा, "दादा, हिशोब काय म्हणतोय?"

तो बोलू लागला, की समजा पांडुरंगाने कोठाराची किल्ली फिरवली.

राम कृष्ण हरि.